दोन बोटांची कटिंग मास्तर

माझ्या थोरल्या जावेबद्दल हल्ली लोक फार गोड बोलतात. सोशिक बाई, प्रभूचं लेकरू, वगैरे. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाते. सोशिक, आणि ती? अहो, तिच्याइतकी भांडकुदळ बाई मी पाहिली नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही. चोवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढलीत आम्ही, तेव्हा खरं काय ते माझ्याकडून ऐका.

ताई कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. चाळीस-चाळीस थर कापड टेबलावर अंथरायचं, वर खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याच्या मशीननं कापत जायचं. त्या खात्यात बाई ही एकटीच, तरी सगळे तिला मास्तर म्हणायचे. मोठे दीर लवकर गेले, पदरात मुलगी, पण हिनं कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. मग एका शनिवारी घाईच्या ऑर्डरसाठी पात्यापुढची जाळी काढून ठेवली होती. मुकादम म्हणाला, चालव. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. राहिली करंगळी आणि अंगठा.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस दवाखान्यात कागद घेऊन हजर. चूक माझीच, असं त्यावर तिच्या नावानं लिहिलेलं. सही जमत नसेल तर अंगठा लावा, म्हणाला. अंगठा शाबूत आहे हे बघूनच आला होता मेला. ताईनं कागद शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "तुम्ही देवाला मानता का?" तो हो म्हणाला. "मग त्याला ऐकू जाईल असं हे मोठ्यानं वाचा." गडी कागद घेऊन चालता झाला. नोकरी मात्र गेली ती गेलीच.

पुढचं वर्ष वाईट गेलं. ती चर्चमध्ये उपासनेला यायची, पण गायची नाही. घरी प्रार्थना करायची, आणि प्रार्थना कसली, भांडणच ते. प्रभूनं एका माणसाचा वाळलेला हात बरा केला, तो बायबलमधला भाग उघडून बसायची. "त्याचा केलास ना? मग माझ्या हाताचं बोल." मी भाजी चिरता चिरता ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हिचं डोकं फिरलं. एक दिवस आवाज बंद झाला. जाऊन बघते तर बाई डाव्या हातात कात्री धरून जुनी चादर कापतेय.

"काय म्हणाला देव?" मी चिडवलं.

"काही नाही म्हणाला. पण इतकं बोलले मी, तरी उठून गेला नाही."

उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पातं रेघेवरच येतं, काही दिसत नाही, आणि अंगठ्याला फोड येतात ते वेगळेच. आठ महिने ती हेच करत होती. पहिला शर्ट माझ्या नवऱ्याचा. कापड उलटं मांडलं गेलं आणि दोन्ही बाह्या डाव्याच हाताच्या निघाल्या. तरी हा भला माणूस तो घालून चर्चला गेला आणि सबंध उपासनाभर एक खांदा वर करून बसला. आम्ही दोघी हसून हसून बेजार.

हात बसल्यावर तिनं चर्चमागच्या हॉलमध्ये वर्ग काढला. मंगळवारी आणि शुक्रवारी. कारखान्यांत हाताची बोटं गमावलेल्या बायकांसाठी, मग त्या कुठल्या का धर्माच्या असेनात. आधी कापणं शिकवायची, मग कागद वाचायला. कशावर सही करायची, कशावर मेलं तरी करायची नाही. देवानं मला उभं केलं ते काय माझ्या एकटीच्या सोयीसाठी, असं तिचं म्हणणं.

हे कारखानदाराला कसं रुचावं? त्यानं आमच्या चर्चला निरोप धाडला. हॉलला नवं छप्पर घालून देतो, फक्त बाहेरच्या बायकांचा वर्ग बंद करा. कमिटी विरघळली. माझा नवरा कमिटीचा चिटणीस. जेवताना म्हणाला, "वहिनी, जरा नमतं घ्या. सगळा हॉल गळतोय."

"गळतं तिथे बादली ठेवता येते, भाऊजी. या बायकांना कुठे ठेवू?"

तो खाली मान घालून जेवत राहिला. मला त्याचा मनापासून राग आला, आणि मी तो भांडी आपटून दाखवलाही.

रविवारी उपासनेनंतर सभा झाली. वर्गातल्या एकोणीस जणी मागच्या बाकांवर येऊन बसल्या. वर्ग बंद करा म्हणणारे सतरा हात वर झाले, माझ्या नवऱ्यानं मोजले. मग अध्यक्ष म्हणाले, चालू ठेवायचा असेल त्यांनी हात वर करा. आम्ही सभासद अकराच. पण मागच्या एकोणीस जणींनीही हात वर केले, आणि ज्या हाताची बोटं गेली होती तोच प्रत्येकीनं वर केला.

"सभासद नसलेल्यांनी हात खाली घ्यावेत," अध्यक्ष समोरच्या कागदाकडे बघत म्हणाले. एकही हात खाली आला नाही.

ताई उभी राहिली. "त्यांच्याकडे तोंड करून सांगा. एकेकीचा हात बघा आणि मग सांगा."

अध्यक्षांनी मान वर केली नाही. "चिटणीस, आकडा लिहा," एवढंच म्हणाले.

आमटीत मीठ नसलं तरी न बोलणारा माझा नवरा. तो उठला, त्यानं स्वतःचा हात वर केला. "बंद करायला सतरा. चालू ठेवायला एकतीस, मला धरून."

"अहो, नियम..."

"नियम मीच लिहून काढलाय, मला पाठ आहे. हे हात मोजायचे नसतील तर रजिस्टर तुम्ही धरा."

तो रजिस्टर पुढे करून उभा राहिला. हात मागे घेतला नाही त्यानं. माझे डोळे भरून आले. अध्यक्षांनी रजिस्टर घेतलं नाही. दुसऱ्या कोणीही घेतलं नाही.

मंगळवारी वर्ग भरला.