दाजींच्या हातात माईक

शनिवारी सकाळपासून मी तीनदा ओटा पुसला. माझी थोरली बहीण अक्का आणि दाजी पुण्याहून निघाल्याचा फोन नऊला आला होता. साडेअकरापर्यंत ते निरगुडसरला पोचतील हे मला माहीत होतं, तरी दर पाच मिनिटांनी मी रस्त्यावर जाऊन उभी राहत होते. कांद्याला पाणी देऊन आलेला नवरा म्हणाला, "अगं, पावणं काय पहिल्यांदा येत्यात का?"

एका अर्थी पहिल्यांदाच येत होते. उन्हाळ्यात दाजींना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, पाय सावरला, पण बोलणं नीट परत आलं नाही. मनात एक शब्द असायचा आणि तोंडातून भलताच यायचा. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ते मला म्हणाले, "चप्पल." मी खाटेखालची चप्पल काढून दिली. त्यांना पाणी हवं होतं. त्यांनी चपलेकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "गावात कुणाला बोलू नको. होईल सगळं नीट."

मी बोलले नाही. आणि आता तेच माझ्या अंगाशी येणार होतं.

दर हिवाळ्यात आमचा महिला बचत गट भरीत-भाकरीचं जेवण ठेवतो. डोंगरात, आहुपेच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथली थंडी आमच्या थंडीसारखी नसते. जेवणातून जे जमेल त्याची मुलींना पांघरुणं घ्यायची. जेवण झालं की लिलाव. कुणी भोपळा देतं, कुणी कोंबडा, कुणी मधाची बाटली. तो लिलाव कित्येक वर्षं दाजीच करत आले होते. कंपनीत नोकरी केलेला माणूस, पण हातात माईक आला की भोपळ्याचं स्थळ जमवून द्यायचे. लोक भरितापेक्षा त्यांनाच ऐकायला यायचे. यंदाही गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं होतं, "दाजी येणार ना?" मी म्हटलं होतं, "येणार." त्यापुढे माझी जीभ रेटली नाही.

गाडी आली. दाजी उतरले, माझ्याकडे बघून हसले, उन्हात खाटेवर बसले. बारीक झाले होते. मी विचारलं, "चहा टाकू का?" त्यांनी मान हलवली. दिवसभर ते हो किंवा नाही एवढंच बोलले. बाकी बोलणं अक्काच करत होती, त्यांचंसुद्धा.

संध्याकाळी आम्ही दोघी चुलीवर वांगी भाजत बसलो. मी विषय काढला. "अक्का, उद्या लोक त्यांना माईक देतील."

"देऊ देत की. नको असला तर नाही म्हणतील."

"आणि हो म्हणाले तर?"

तिने वांगं उलटलं. "महिना झाला, ह्या कार्यक्रमाला जायचं म्हणून खुणा करतायत. मी काय त्यांना घरात कोंडून ठेवू?"

मी उठून अध्यक्षबाईंना फोन लावला आणि एक रिंग वाजताच कापला. मग भाकरीच्या पिठाला गेले, पीठ आणायचं विसरून मीठच घेऊन आले.

हल्ली अंधार पडला की उसाच्या कडेने बिबट्या फिरतो, म्हणून आमचा कार्यक्रम दुपारीच असतो. रविवारी शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हतं. मी स्टेजच्या मागे चुलीपाशी होते. पंगती उठल्या आणि अध्यक्षबाईंचा आवाज आला, "आता आपलं दाजी! या दाजी, तुमच्याबिगर लिलाव व्हत नाय."

मी भाकरी तव्यावर तशीच सोडून स्टेजच्या कडेला गेले. दाजी चढले होते. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि माईक धरलेला हात. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात कोंबडा धरला.

"ही," दाजी म्हणाले. थांबले. "ही... छत्री."

पटांगण हसलं. मागून कुणी ओरडलं, "दाजी, उघडून दाखवा की!" आणखी हशा. दाजी म्हणाले, "छत्री. किती?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, बोली लागली. मग भोपळा आला. दाजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "विमान." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. यंदा दाजींनी नवीनच काहीतरी काढलंय, असं सगळ्यांना वाटत होतं.

मला ते ऐकवेना. मी वर चढले आणि त्यांच्या हातातला माईक घेतला. "हसू नका," मी म्हणाले. "दाजींना उन्हाळ्यात झटका आलाय. ते गंमत करत नाहीत. त्यांना शब्द सापडत नाहीत."

पुढच्या बायकांनी माना खाली घातल्या. मागून एकजण हळूच म्हणाला, "भोपळा आमी घेतो. लावा काय लावायचं ते." बाकीच्या वस्तूही पटापट गेल्या. कुणी घासाघीस केली नाही. दाजी खाली उतरून भिंतीला टेकून बसले.

घरी आल्यावर ते माझ्याशी बोलेनात. मी चहा नेला तर कप बाजूला सरकवला. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "हसत... हसत होते."

"म्हणूनच तर मी आले, दाजी."

त्यांनी खाटेच्या कडेवर हात आपटला. "चांगलं हसत होते. तू... बंद केलंस."

मी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू मागून बघत होतीस. मी समोर होते. छत्रीला घाबरले ते, खरंय. पण विमान म्हणाले तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं."

"मग तू मला थांबवायचंस."

"तुझ्या हातात माईक होता," ती म्हणाली.

ऊन उतरायच्या आत ते निघाले. मी गाडीच्या काचेशी वाकून म्हणाले, "दाजी, चुकलं माझं." ते समोरच बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी आणि अध्यक्षबाई घोडेगावला गेलो आणि तिथून पांघरुणांचे गठ्ठे एसटीवर टाकून वर वसतिगृहात पोचवले. अध्यक्षबाई वाटेत म्हणाल्या, "आदी सांगितलं असतंस तर आमी येगळं काय केलं असतं? त्यांनाच बोलावलं असतं." वळणावळणांवर मी खिडकीची दांडी धरून बसले होते.

दोन आठवडे मी रोज अक्काला फोन करत होते. रोज मी विचारायचे, त्यांना फोन देतेस का? रोज ती म्हणायची, नको म्हणतायत. एका सकाळी फोन उचलला गेला आणि पलीकडे नुसता श्वास.

"दाजी?"

मग, "बोल."

मी बोलत सुटले. गठ्ठे एसटीच्या टपावर चढत नव्हते ते सांगितलं, मुलींनी पांघरुणं अंगावर घेऊन मैदानात शर्यत लावली ते सांगितलं, आमच्या वांग्यांना लागलेली कीडही सांगितली. मध्ये एकदा ते हसले. कशाला हसले ते मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी बोलत राहिले.