चिंचेने उजळलेले कनेक्टर

हिंदी मुलखातल्या गोहलपुरात कुणाच्या टीव्हीवरचं चित्र गेलं की एकच हाक उठते, "भय्यासाहेब!" मग केबलवाले भय्यासाहेब सायकलवरून अवतरतात, पिशवीतून पितळी कनेक्टर काढतात आणि केबलच्या टोकावर चढवून आवळतात. कुठे उघडी तार टीव्हीत काडेपेटीच्या काडीने खुपसलेली दिसली, की मात्र त्यांचा आवाज चढतो, "अरे भैया, ये क्या तमाशा है?"

यंदा गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकात त्यांची नात समृद्धी पहिल्यांदाच उभी राहणार होती. घरात मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारी पोर! तिच्याकडून एकेक वाक्य घोटवून घेतलं होतं आजीने, ज्योतीबाईंनी. आणि ऐन वेळी ज्योतीबाई पाय मोडून पलंगावर. मग भय्यासाहेबांनी नाटक केबलवर थेट दाखवायची सोय केली आणि पहिल्या रांगेतली खुर्ची सोडून स्वतः बायकोजवळ येऊन बसले.

तिसरी घंटा झाली आणि टीव्हीवर अक्षरं उमटली : सिग्नल नाही.

शेजारच्या टीव्हीवरून नांदी ऐकू येत होती. म्हणजे बिघाड घरातलाच. भय्यासाहेबांनी टीव्हीमागचा कनेक्टर सोडवला. सोन्यासारखा लखलखीत! आत मात्र आंबट ओल.

"ज्योती, याला चिंच कोणी लावली?"

"मीच. गौरी यायच्या, पितळ घासायचं नाही काय? पलंगावरून तेवढंच हाताला लागलं."

"आणि माझ्या पिशवीतले?"

"तेपण घासले. अजून ओलेच, सुपात वाळून राहिले. बघा, कसे चमकतात!"

भय्यासाहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, उभे काहून राहिले? पोरीचा प्रवेश होऊन जाईल ना!"

त्यांनी तारेचं ओलं टोक कापलं, नवं सोललं, आणि मुकाट्याने देवापुढची काडेपेटी उचलली.

"अच्छा! ये क्या तमाशा है?" ज्योतीबाईंनी हुबेहूब त्यांचाच आवाज काढला.

काडी खुपसली, चित्र आलं. हात काढला, गेलं. तेव्हा तार बोटाने दाबून भय्यासाहेब टीव्हीमागेच उभे राहिले. तिथून पडदा दिसेना. दिसत होता ज्योतीबाईंचा चेहरा. समृद्धीच्या प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. मध्येच ओठ थांबले. टीव्हीही गप्प.

"बोल गं, बोल!" ज्योतीबाई पुटपुटल्या.

भय्यासाहेबांनी तार आणखी घट्ट दाबली. मग पोरीचा आवाज आला, खणखणीत, आणि सभागृहात टाळ्या कडाडल्या.

"मराठीतच बोलली ना?" त्यांनी मागून विचारलं.

"मराठीतच," ज्योतीबाई डोळे पुसत हसल्या. "बोट हलवू नका."