युनिटमामांच्या गोधड्या

ऊन पडलंय का, हे सगळी दुनिया आभाळाकडे बघून ठरवते. आमचे युनिटमामा मोबाइलमध्ये बघत. अंगणात पायाला चटके बसत असायचे आणि मामा म्हणायचे, "थांब वं पोरी, ॲपमधी पाहू दे. हां, ऊन हाय." पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठाला त्यांचं घर. छतावर सोलरच्या प्लेटा बसल्या आणि गाव त्यांचं खरं नाव विसरूनच गेलं. "कसं काय मामा?" असं कुणी विचारलं, की तब्येतीऐवजी सकाळपासून किती युनिट झाले ते ऐकावं लागे.

मामी दुपारी जरा आडवी झाली, की हाका सुरू. "अवं, मिक्सर लाव, मशीन लाव, कपड्यायले इस्त्री कर! वीज वाया जाऊन राहिली!" मी सौसरहून मे महिन्यात जावं, तर मामी भर दुपारी घामानं निथळत इस्त्री करतेय. असा राग यायचा मला! आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. सारं शिवार पावसाकडे डोळे लावून बसलेलं, आणि हा एकटा माणूस छतावर उभा राहून ढगांना शिव्या घालतोय.

मग घरात बोलणारा डबा आला. सांगितलं की पंखा लावायचा, दिवा मालवायचा. मामा त्याच्यापुढे अगदी वाकून बोलत, "बाईजी, जरा पंखा लावता का?" मामी मला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाह्य. लगन झाल्यापासून मले एकडाव तरी असं बोलले का?"

पण मामांची जुनी कीर्ती गोटमारीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, मध्ये पाण्यात रोवलेला झेंडा, आणि तो मिळवायला दोन्हीकडून दगड. मामा कायम पुढे. कपाळावरची खोक ते पाहुण्यांना बोट लावून बघायला लावत. मामी दरवर्षी पाया पडायची, "नका जाऊ." मामा जायचे. मग ती हळदीची वाटी आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन दारात बसून राहायची. एका वर्षी डोळा थोडक्यात वाचला. तरी मामा हसतच होते. "डोकं फुटलं तं जुळते वं! रडाले काय झालं?"

प्लेटा बसल्या त्या वर्षी पोळ्याला मी तिथेच होते. संध्याकाळी चहा पिता पिता मामांनी एकदम नदीकडे पाहिलं, मग छताकडे. सावरगावचे दगड या काठावर येऊन पडतात, ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आली असावी. सकाळी घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या छतावर गेल्या आणि प्लेटांवर पसरल्या. मामा काठी घेऊन राखणीला. खालून सोबती ओरडले, "मामा, चाला ना!"

मामा वरून म्हणाले, "अरे, दगड काऊन मारून राहिले? माणसानं प्रेमानं राहावं!"

"डोकं जुळते म्हणत होते ना तुमी?"

"डोकं जुळते बे! काच जुळते का?"

सारा काठ हसला. मीही पोट धरून हसले.

संध्याकाळी गोंगाट थांबला तेव्हा मामा खाली उतरले. अंगावर साधा ओरखडा नाही. मामी सवयीनं हळदीची वाटी मांडीवर घेऊन दारात बसली होती. तिनं त्यांना नखशिखांत पाहिलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. मामा बुचकळ्यात पडले. "आता काऊन रडते? एकबी प्लेट नाही फुटली ना!"

त्यानंतर मामा गोटमारीला कधी उतरले नाहीत. दरवर्षी छतावर बसले, धडधाकट खाली आले. गेल्या हिवाळ्यात झोपेतच शांतपणे गेले.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मामीकडे गेले, तर मामी गुडघे धरत गोधड्या घेऊन जिना चढत होती. मी म्हटलं, "मामी, ताडपत्री टाकू ना. गोधड्या कशाला खराब करता?"

तिनं ऐकलं नाही. एकेका प्लेटेवर गोधडी पसरून कडा नीट खाली खोचल्या. मग वरून हात फिरवत म्हणाली, "या प्लेटायनंच त्यायले घरी ठेवलं, बाई. माह्यानं तं नाही झालं."