आजीचा खिळा

माझी लेक एका संस्थेच्या बेघर निवाऱ्यात चित्रकला शिकवते. पगार बेताचा, म्हणून माझ्या जिवाला घोर. तिथली एक आजी रोज ओलंच चित्र घडी घालून गाठोड्यात कोंबायची आणि त्याची वाट लागायची.

"आजी, भिंतीवर राहू द्या की!" लेक म्हणाली.

"आणि उद्या मला हाकललं तर? भिंत डोक्यावर घेऊन जाऊ?"

लेकीनं वाद न घालता तिच्या हातात हातोडी दिली. "जागा तुम्ही ठरवा. खिळा तुमचा. जाताना उपटून न्या."

काल मी तिथे गेले, तर भिंतीवरच्या चित्रासमोर आजी पहाऱ्याला उभी.

"हात नका लावू, ओलं आहे! बाईंची आई असलात म्हणून काय झालं?"

इतक्या अभिमानानं मी आजवर कुणाची बोलणी खाल्ली नव्हती.