मीठ बरोबर आहे, मावशी

ईसीजी नॉर्मल आला म्हणून मी दवाखान्यात ढसाढसा रडलो होतो.

आनंदानं नाही. काहीतरी निघावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. निघालं असतं तर लोकांना सांगता तरी आलं असतं.

आमच्या शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या गयामावशीला जाऊन आज एक वर्ष झालं. तिच्याबद्दल लिहायचं तर आधी हे माझं लिहावं लागतं. लपवून दमलो आता.

तेलंगणात भीमपूरकडची आमची शाळा मराठी माध्यमाची, पण ऑफिसचं सगळं काम तेलुगूत. दोन वर्षांपूर्वी मंडलच्या, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या, मीटिंगमध्ये शाळेचा रिपोर्ट वाचायला उभा राहिलो आणि तिसऱ्या वाक्याला माझा आवाजच गेला.

कोणी हसलं नाही. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली, बस.

पण दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या दाराशी आलो की छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. वाटायचं, आता पडतो.

मग रजा. मग आणखी रजा. कधी कधी शाळेच्या गेटपर्यंत जाऊन गाडी वळवायचो.

तीन वेळा ईसीजी काढला. तिन्ही नॉर्मल.

बायको म्हणाली, "नॉर्मल आहे ना? मग आता काय?" तिचं तरी काय चुकलं? मी तिला पूर्ण सांगितलंच कुठे होतं!

राजीनामा लिहून बॅगेत ठेवला होता. सोमवारी द्यायचा, असं ठरवून चार सोमवार गेले.

पाचव्या सोमवारी सकाळीच कळवून टाकलं, बरं नाही, येत नाही. बाराच्या सुमाराला मावशीचा फोन.

"सर, कुठी हा तुमी?"

"घरी आहे मावशी. बरं नाही."

"ते राहू द्या. भात झाला, सांबार झालं. मास्तरनं चाखल्याबिगर पोट्ट्याइले वाढता येत नाही. रूल हाय."

"मोठ्या मॅडम चाखतील की." मी हेडमिस्ट्रेसबाईंचं नाव पुढे केलं.

"मॅडम मीटिंगले गेल्या. तुमचं नाव सांगून गेल्या. पोट्टे ताटं घेऊन बसून राह्यले सर, या लवकर."

रूल खरा आहे. मुलांच्या आधी शिक्षकानं जेवण चाखायचं असतं.

काय करणार? साठ पोरं माझ्यामुळे उपाशी बसली, असं डोळ्यांसमोर आलं. गाडीला किक मारली.

मावशीनं डावभर सांबार भातावर घालून ताट हातात दिलं.

"मीठ कसं हाय?"

"कळत नाही मावशी."

"मंग आणखी एक घास घ्या."

कळेपर्यंत तिनं मला खाऊ घातलं. दोन दिवसांत पोटात धड काही गेलं नव्हतं, ते तिला न सांगता कळलं असावं.

त्यानंतर रोज हेच. तिचा फोन यायच्या आत मी पोचायला लागलो. मग लवकर आलोच तर ती शेवग्याचा पाला खुडायला बसवायची, उन्हात. "सर आहा म्हनून काय झालं, हात हायत ना?"

पाला खुडताना ती एकच विचारायची. "आज छाती कशी हाय?" सर्दी-खोकला विचारावा तसं, सहज.

मी सांगायचो. आज जास्त आहे. आज जरा कमी. जगात एवढ्या एकाच माणसाला सांगत होतो.

एक दिवस म्हणाली, "सर, डोक्याच्या डाक्टरले दाखवा."

मला राग आला. "मी काय येडा आहे का मावशी?"

"मी व्हती का येडी?" पाला खुडता खुडताच बोलली. "पयल्या बाळंतपणात महिनाभर लेकराले हात नाही लावला मीनं. रडत बसो. लोक म्हने बाहेरचं हाय. भावानं आदिलाबादले नेलं, गोळ्या घेतल्या, झाली बरी. थ्या लेकराले आज दोन पोरं हायत. तुमाले काऊन लाज वाटून राह्यली?"

मी पाल्याची पुढची डहाळी उचलली.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली. "हे आधी नाही सांगता येत?" डॉक्टरकडे दोघं गेलो.

गोळ्या चालू झाल्या. पाला खुडणंही चालूच राहिलं. वर्गात परत कधी उभा राहिलो, तो दिवस नेमका आठवत नाही. याचंच मला जास्त बरं वाटतं.

मावशी गेली ती चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. फार लागतं ते मनाला.

आज शाळेत तिचा फोटो ठेवून फुलं वाहिली. मी मोठ्या मॅडमना म्हटलं, "चाखायला तुम्ही माझं नाव लावलं, म्हणून मी वाचलो."

मॅडमनी हातातली फुलं खाली ठेवली.

"मी कधी लावलं तुमचं नाव? रोज साडेअकराला, तुम्ही यायच्या आत, मीच चाखायचे, सर. रजिस्टर बघा, सह्या माझ्या आहेत."

"पण त्या सोमवारी तुम्ही मीटिंगला..."

"कुठली मीटिंग? ऑफिसात बसले होते मी. पोरं तर शाळेच्या मागे जेवतही होती. तुमची गाडी आत येताना पाहिली, तेव्हा मावशी पदरानं डोळे पुसत होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या स्टाफला माहीत होतं. तुमचा आवाज गेला तेव्हा पाण्याची बाटली मीच दिली होती ना!"

मी खाली बसलो आणि हसायलाच लागलो. दोन वर्षं जीव तोडून जे लपवलं, ते लपलेलंच नव्हतं. आणि तरी कोणी मला कमी लेखलं नव्हतं. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

बॅगेच्या मागच्या कप्प्यात तो राजीनामा अजून होता. आज मावशीच्या चुलीत घातला.

मग ताट घेतलं. पोरं केव्हाच जेवून खेळायला गेली होती. कोणी माझ्यासाठी थांबलेलं नव्हतं.

मावशी, मीठ बरोबर आहे.

भूक लागली होती म्हणून जेवलो.

सुखानं जा.