सुटकेस नाटकात गेलीय

ज्या दिवशी मी इंदूर सोडलं, त्या दिवशी आमच्या घरातली एकुलती एक मोठी सुटकेस नाटकात काम करत होती. खोटं नाही सांगत. बंगळूरच्या पहिल्या नोकरीवर हजर व्हायचं होतं, दुपारच्या गाडीचं तिकीट महिनाभर आधी काढलेलं, आणि सकाळी कपाटावर बघते तर सुटकेसच्या जागी धुळीचा चौकोन. बाबा शांतपणे म्हणाले, "तिसऱ्या अंकात नायक घर सोडून जातो, बेटा. रिकाम्या हाताने कसा जाईल?"

"आणि मी, बाबा? मी खरंच चाललेय ना!"

"तुझं बघू ना काहीतरी. टेन्शन कशाला घेते?"

ते ‘काहीतरी’ समोरच्या मुळेकाकूंनी बघितलं. स्वतःच्या मरून रंगाच्या सुटकेसमधले स्वेटर पलंगावर ओतले आणि ती माझ्या हातात दिली. "घेऊन जा गं. आमचं कुठे जाणं-येणं होतं!" स्टेशनवर आई डबा देत ‘वेळेवर जेव’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. बाबांचं लक्ष घड्याळाकडे, कारण हॉलवर सेट लावायचा होता. गाडी हलायच्या आधीच ते निघून गेले. मी पार खंडव्यापर्यंत रडले, आणि त्यातलं निम्मं रडणं रागाचं होतं.

तुमच्यातले जे इंदूरलाच राहिलेत त्यांना आमचं मंडळ ठाऊकच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांच्या गावात असं एखादं असेलच. अन्नपूर्णा भागातल्या मराठी घरांचं मंडळ, कोणी मिलमधले, कोणी रेल्वेतले, कोणी मास्तर, आणि वर्षाला एक नाटक. बाबा त्याचे चिटणीस आणि प्रॉम्प्टर. नाटकातलं सगळं सामान घरांतून जायचं. सोफा आमचा, टेबल मुळ्यांचं, पडदे कोणाचे, फोन कोणाचा. नाटकाच्या आठवड्यात टेम्पोवाला गल्लीत उभा राहून ओरडायचा, "भिया, सोफा तो चढ़ गया, अब टेबल किसके घर से उठाना है?" मग आम्ही चार-पाच दिवस जमिनीवर बसून पोहे खायचो. पाहुणे आले तर आई बिनधास्त सांगायची, "बसा सतरंजीवर, सोफा नाटकात गेलाय." मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरचे सोफे कुठे जात नसत.

आता मी काय काम करते ते ऐका, म्हणजे माझी चिडचिड कळेल. एका श्रीमंत कुटुंबाच्या दानसंस्थेत मी संशोधक आहे. कलेला पैसा कोण देतं, तो जातो कुठे आणि त्यातून समाजाला काय मिळतं, हे शोधायचं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात दिवसभर ‘इम्पॅक्ट’, ‘स्टेकहोल्डर’, ‘आउटकम’. नाटक बघून तुमच्या आयुष्यात किती बदल झाला, एक ते पाचमध्ये सांगा. मुळेकाकूंना विचारलं तर म्हणतील, "बदल? घरी यायला उशीर झाला, वरण थंड झालं." याचा ग्राफ काढून दाखवा मला.

तरी मी हट्टाने तिथे राहिले. कारण दिसत होतं की पैसा जातो तो मोठ्या शहरातल्या चकचकीत संस्थांना, ज्यांना अर्ज लिहायला पगारी माणसं ठेवता येतात. म्हणून भांडून भांडून मी आमच्या संस्थेच्या अर्जात एक पान घालून घेतलं. तुमच्या गावातल्या लोकांनी तुम्हाला काय काय दिलं? वस्तू, मेहनत, जागा, सगळं नावानिशी लिहा. या पानाला सगळ्यात जास्त गुण. ते पान लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आमचंच मंडळ होतं, आमचाच सोफा होता. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या आणि मीही थोडी हवेत गेले.

मग यंदा हॉलचं भाडं मंडळाच्या आवाक्याबाहेर गेलं. बाबा फोनवर म्हणाले, "या वर्षी नाही झालं ना, तर परत कोणी उभं करणार नाही. आम्ही सगळे म्हातारे झालो." बाबांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी मागे लागले की अर्ज करा, तुमच्यासारख्यांसाठीच केलाय तो. वडिलांचं मंडळ म्हणून नियमाप्रमाणे मी स्वतः त्या अर्जापासून लांब बसले. पण मनात पक्कं होतं, आपलं पान आहे, आपलं मंडळ आहे, मिळणारच.

बाबा शिक्षण खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. अर्जातला रकाना रिकामा सोडणं त्यांना जमत नाही. सुवाच्य अक्षरात त्यांनी माझं ते लाडकं पान भरलं. वस्तुरूपाने मदत: निरंक. श्रमदान: निरंक. स्थानिक दाते: निरंक. म्हणजे सरकारी भाषेत, काहीही नाही. खाली सही आणि शिक्का.

अर्ज नामंजूर झाला. माझी सहकारीण बिचारी ओशाळून सांगत होती की समितीचं म्हणणं पडलं, गावातल्या लोकांचा या मंडळाशी काही संबंध दिसत नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. गल्लीभर घरं आठवडाभर सतरंजीवर बसतात आणि संबंध दिसत नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि हात माझाच.

फोनवर मी बाबांवर जाम भडकले.

"निरंक? बाबा, निरंक? आपला सोफा काय स्वतः चालत जातो का हॉलवर?"

"घरच्यांनी दिलेलं कोणी लिहून ठेवतं का? उद्या आईने किती पोळ्या वाढल्या ते लिहिशील."

"अहो, पण विचारलंय ना तिथे! नुसतं खरं लिहायचं होतं!"

"एकदा लिहिलं होतं," बाबा म्हणाले, आणि मग त्यांनी साळवेकाकांचं सांगितलं. मला हे माहीतच नव्हतं. मी दुसरी-तिसरीत असताना बाबांनी हौसेने हॉलच्या दाराशी यादी लावली होती, कोणी काय दिलं त्याची. सगळ्यात वर कोणाचा तरी नवा दिवाण. सगळ्यात खाली मिलमधल्या साळवेकाकांचा तांब्या. मिल बंद पडली होती, घरात देण्यासारखं तेवढंच होतं. साळवेकाकांनी यादी वाचली, तांब्या मात्र प्रयोग संपेपर्यंत राहू दिला, आणि मग मंडळात येणंच सोडलं. बाबा दोन वर्षं त्यांच्या घरी चकरा मारत होते, तेव्हा कुठे ते परत आले. त्या दिवसापासून मंडळात कोणाचं काही लिहायचं नाही असं ठरलं.

"तुझ्या कागदासाठी मी परत यादी लावू?" बाबांनी विचारलं.

मी फोन ठेवून दिला, आणि मग आणखी राग आला. बाबांचा राग, समितीचा राग, सगळ्यात जास्त स्वतःचा. लोकांनी दिलेलं मोजलं की लोकांचं भलं होईल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आपल्याच माणसांना आपल्याच पानाने नापास केलं. ऑफिसात मी लांबलचक टिपण लिहिलं की हे पान बदलायला हवं. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग आपल्याला कळणार कसं?" टिपणाची नोंद घेण्यात आली. पान अजून तसंच आहे.

नाटक मात्र झालं. साळवेकाका आता नाहीत, पण त्यांची मुलगी जवळच्याच एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिच्या कानावर गेलं आणि तिने शाळेचा हॉल उघडून दिला. बाबांनी भाड्याचं विचारलं तर म्हणाली, "काय बोलता काका तुम्ही भी!" स्टेजचे लाइट नव्हते, दोन ट्यूबलाइट लुकलुकत होत्या, तरी प्रयोग झाला. मी रजा काढून गेले होते. घरात पाऊल टाकलं तर बसायला जागा नाही. आई म्हणाली, "बस सतरंजीवर, सोफा..."

"माहितीये गं, आई."

या वर्षीच्या नाटकातही कोणीतरी घर सोडून जातं. आमच्या मंडळाच्या नाटकांत कोणी ना कोणी जातंच, गावाला सवयच आहे. मी आंघोळ करून बाहेर येते तर माझे कपडे पलंगावर ओतलेले आणि माझी चार चाकांची, ऑफिसच्या दौऱ्यांची सुटकेस गायब. "तीन दिवसांत परत मिळेल," बाबा म्हणाले. कसली मिळतेय! प्रयोग लोकांना आवडला, हातोदच्या मंडळींनी रविवारी तिकडे बोलावलं, आणि माझं विमान शनिवारचं. मी आदळआपट केली. एवढी शिकले, एवढी दुनिया फिरले, आणि या घरातून एकदासुद्धा स्वतःची सुटकेस घेऊन धड निघता येऊ नये?

मुळेकाकूंची मरून सुटकेस मी येताना परत करायला आणली होती, माझ्या सुटकेसच्या आत घालून, इतक्या वर्षांनी. काकूंनी तिच्याकडे अनोळखी नजरेने बघितलं. "ही माझी? असेल बाई. आता तू कशात नेणार सामान? घे, घेऊन जा." मी तिच्यात कपडे भरले. या वेळी बाबा विमानतळावर शेवटपर्यंत थांबले. आत जाताना ते म्हणाले, "तुझी सुटकेस स्टेजवर छान दिसते हं. आवाज न करता सरकते." मला हसूही आलं आणि रडूही.

बंगळूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये चांगला राखाडी सोफा आहे. इतक्या वर्षांत तो कोणी मागितला नाही. कोणी मागणारही नाही, आणि तो जागचा हलत नाही याचं मला हल्ली वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसात सगळ्यांना एक फॉर्म आला. दरवर्षी येतो. या वर्षात तुम्ही कुठल्याही कलासंस्थेला पैसा, वस्तू किंवा इतर काही दिलं आहे का? असल्यास तपशील. माझी सुटकेस अजून इंदूरलाच होती, हातोदनंतर मानपूरचंही बोलावणं आलं होतं. नियम मला पाठ आहेत, अर्धे मीच लिहिलेत. मग बाबांसारख्याच सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला आणि खाली सही केली.

निरंक.