सगळ्या घराचे उपवास, एकट्या सुनंदाताईचं पोट

माझी मोठी जाऊ उपाशी राहून मेली. भरल्या घरात.

दाखल्यावर तसं लिहिलेलं नाही. तिथे न्यूमोनिया आहे. त्याआधी मोडलेला खुबा. त्याआधी चक्कर.

त्याच्याही आधीचं मी आज लिहितेय. कारण आज ताईला जाऊन वर्ष झालं आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून ‘अन्नपूर्णा’, ‘त्यागमूर्ती’, ‘सवाष्ण गेली, भाग्यवान’ असले मेसेज पडताहेत.

भाग्यवान म्हणे. लाज कशी वाटत नाही?

एक्कावन्नाव्या वर्षी ताईची पाळी गेली. अंबरनाथच्या आमच्या घरातून सासूबाईंनी ही बातमी नणंदेला फोनवर सांगितली, ती नातू झाल्याच्या आनंदात.

“सुनंदाची अडचण गेली बाई एकदाची. आता देवाचं सगळं तीच बघेल.”

आमच्याकडे उपवासाला बदली चालते. एकीची पाळी आली की तिचा वार दुसरीने धरायचा, व्रत मोडायचं नाही. ताईला आता पाळीच नव्हती. म्हणजे ती सगळ्यांची कायमची बदली.

सोमवार तिचा स्वतःचा होताच.
सासूबाईंना शुगर, म्हणून त्यांच्या एकादश्या तिच्याकडे आल्या.
नणंदेने मुलाच्या ॲडमिशनसाठी बोललेले मंगळवार फोनवरून आले.
मोठ्या दिरांच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, मुतखड्यासाठी संकष्टी. खडा त्यांच्या पोटात, रिकामं पोट ताईचं.

आणि मार्गशीर्षातले दोन गुरुवार माझे.

हो, माझे. पाळी आली होती. “ताई, प्लीज धरशील?” असं म्हणून मी ऑफिसला गेले आणि कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली. या यादीतून मी स्वतःला वगळणार नाही.

ताईला एकाएकी घाम फुटायचा, अंग भाजायचं, झोप उडायची. गुडघे दुखायचे. पोट सुटलं होतं. तिला वाटायचं, उपवासाने तेही उतरेल.

दीर तिसरी पोळी मोडता मोडता म्हणायचे, “एवढे उपवास करते, तरी पोट बघा हिचं!”

सगळे हसायचे. ताईसुद्धा.

शेवटी मी तिला उल्हासनगरला एका सिंधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“उपवास के दिन क्या खाती हो?”

“साबुदाणा. बटाटा. चहा.”

“चाय कितनी बार?”

“पाच-सहा वेळा. चहाने भूक मरते ना.”

“और बाकी दिन?”

ताई साधेपणाने म्हणाली, “उरेल ते.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “देखो सुनंदा, पाळी बंद झाली. खाना बंद नाही करायचा. अब हड्डी को ज्यादा चाहिए, कम नहीं.”

त्यांनी लिहून दिलं ते असं: प्रत्येक जेवणात डाळ, उसळ किंवा अंडं. नाचणी, तीळ, दही, पालेभाजी, एखादं फळ. साखर, तळण आणि चहा कमी. सकाळचं ऊन आणि चालणं.

यातलं काहीही बाहेरून आणायचं नव्हतं. सगळं आमच्याच डब्यांत होतं. फक्त ताईच्या ताटात नव्हतं.

चार महिने आम्ही दोघी सकाळी, मी ऑफिसला निघायच्या आधी, जेवायला बसलो. पुरुषांच्या आधी. भाकरी आणि मटकीची उसळ.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, “अगं माधुरी, तव्यावरची भाकरी अशी लागते होय?”

तीस वर्षं तीच भाजत होती.

उपवास एकच ठेवला, सोमवारचा. तोही दही, शेंगदाणे, राजगिरा आणि फळांवर. ताई रोज देवळापर्यंत चालत जायला लागली. झोप लागायला लागली. चेहऱ्यावर तेज आलं.

घरात मात्र तोंडं वाकडी झाली. आणि मग नवरात्र आलं.

“देवीचे नऊ दिवस कोण धरणार?” सासूबाई. “तुला तर आता काही अडचण पण नाही.”

“नऊ दिवसांनी माणूस मरत नाही.” हे दीर.

मी भांडले. ताईनेच मला गप्प केलं. “जाऊ दे गं. घरात शांतता राहते ना, मग झालं.”

नुसत्या चहा-दुधावर ती राहिली. सातव्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. खुबा मोडला. अंथरुणाला खिळली, मग छातीत कफ धरला.

बरोबर आहे भाऊजी. नऊ दिवसांनी माणूस मरत नाही.
दोन महिने लागले.

आज दुपारी वर्षश्राद्ध होतं. खीर, वडे, पुरणपोळी. दीर भटजींना सांगत होते, “तिला पुरणपोळी फार आवडायची.”

खोटं. तिला जवळ्याची चटणी आवडायची. यांनी कधी विचारलंच नाही.

मी पानं पुसत होते. सासूबाई हळूच जवळ आल्या. “माधुरी, तुझंही आता मागेपुढे व्हायला लागलंय ना? पुढचं नवरात्र तू धर.”

मी सत्तेचाळीसची आहे. हो, व्हायला लागलंय.

मी एक पान वाढून घेतलं. वरण, भात, मुगाची उसळ, कोशिंबीर. आणि तिथेच, सगळ्यांसमोर जेवायला बसले.

“अगं, आधी नैवेद्य! पितरांच्या आधी जेवतेस?”

“हो. आणि नवरात्र धरणार नाही. पुढचं नाही, त्यानंतरचंही नाही.”

दीर खाली बघत होते.

तेवढ्यात ताईची सून स्वयंपाकघरातून बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, या घरात कधी मान वर न केलेली पोर. माझ्या शेजारी मांडी घालून बसली.

“काकू, मलाही वाढा. सकाळपासून उपाशी आहे.”

मी तिला वाढलं. तिने परत भात मागितला.

सुनंदाताई, आम्ही दोघी पोटभर जेवलो. तुला नमस्कार.